आतला कोपरा

म्हैसूरच्या बोगादीतल्या माझ्या टेबलावर दुरुस्तीला येतात ती बहुतेक एचएमटीची घड्याळं. जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने 1961 साली बंगळुरात त्यांचा कारखाना सुरू झाला. त्यांच्या चावीच्या ‘जनता’ घड्याळात सतरा ज्वेल, तासाला 18,000 ठोके. मधूनच एखादं लाखोंचं स्विस घड्याळही येतं. झाकण उघडावं तर आतली मांडणी तीच: मेनस्प्रिंग, चक्रांची रांग, लीव्हर, बॅलन्स. मग एवढे पैसे गेले कुठे?

माझ्या मते, पहिल्यांदा हेअरस्प्रिंगकडे. साध्या घड्याळात बॅलन्सला झुलवणारी ही केसाएवढी स्प्रिंग दोन बारीक खिळ्यांमधून जाते. ते खिळे सरकवले की स्प्रिंगची कामाची लांबी बदलते आणि घड्याळ पुढे किंवा मागे पडतं. सोय चांगली आहे, पण चावी उतरत आली की बॅलन्सचा झोका लहान होतो. त्यासरशी स्प्रिंगचं खिळ्यांमधलं खेळणंही बदलतं, आणि वेळ ढळते. उत्तम घड्याळात बऱ्याचदा हे खिळेच नसतात. स्प्रिंग मोकळी असते. बॅलन्सच्या कडेची चिमुकली वजनं फिरवून वेळ जुळवायची: वजन आत घेतलं तर घड्याळ पुढे पळतं, बाहेर सरकवलं तर मागे पडतं. हे करताना मी श्वास रोखून धरतो. दिवसाचे 86,400 सेकंद. त्यातली चूक पाच-सहा सेकंदांवर आणायची म्हणजे किती बारीक काम!

उन्हाळ्याचाही प्रश्न असतो. जुनी पोलादी स्प्रिंग उष्णतेने मऊ पडायची आणि घड्याळ मंदावायचं. निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधून शार्ल गियोमने ही अडचण दूर केली. त्या मिश्रधातूंसाठीच 1920 साली त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एप्रिलमधल्या म्हैसूरच्या उन्हात घड्याळ वेळ सांभाळतं, त्यात त्याचा वाटा आहे.

उरलेले पैसे ब्रिजच्या, म्हणजे चक्रं धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या, कडांवर. तिरप्या कडा घासून चकाकवलेल्या असतात. पण मी भिंगातून आधी आतला कोपरा पाहतो, जिथे दोन कडा आत वळून एकमेकींना भेटतात. यंत्राचं कटर गोल, त्यामुळे त्याने केलेला कोपरा गोलसरच राहतो. टोकदार कोपरा दिसला की कानस घेऊन कुणीतरी तास न् तास बसलं होतं हे कळतं. वेळ दाखवायला त्या कोपऱ्याचा काही उपयोग नाही. तरी तो मला प्रिय आहे.

सिलिकॉनच्या नव्या हेअरस्प्रिंगबद्दल मात्र मन साशंक आहे. तिला चुंबकाची बाधा नाही. पण वाकलेली धातूची स्प्रिंग मी चिमट्याने सरळ करू शकतो. सिलिकॉनची वाकतच नाही, तुटते. मग कंपनीने दिली तरच नवी. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय सरकारने 2016 साली घेतला, तरी एका जुन्या ‘जनता’चा भाग काढून दुसऱ्या ‘जनता’त आजही बसवता येतो.

म्हणून भारी घड्याळ घेणार असाल तर दुकानदाराला तबकडीवरच्या हिऱ्यांबद्दल नंतर विचारा. आधी विचारा, वीस वर्षांनी याची हेअरस्प्रिंग मिळेल का, आणि ती बसवणारं कोणी असेल का.