घोटभर पाणी

व्याख्यानाचे आमंत्रण आले की आमच्या कोल्हापूरच्या घरी पिशवी भरण्याचा एक सोहळाच होतो. टिपणे मी ठेवते. सुंठ, ओवा नि मेतकूट सासूबाई. "परगावचं पाणी बाधतं हो," म्हणून उकळलेल्या पाण्याची बाटलीही त्याच देतात. ही बाटली कित्येक वर्षे भरलेली जाई नि भरलेलीच परत येई. पाणी बाधू नये यावर माझा उपाय सोपा होता: पाणी प्यायचेच नाही!

याचे कारण पुरुष वाचकांना सांगावे लागेल. भगिनींनी ते केव्हाच ओळखले असेल. स्थानकावरच्या त्या भिंतीआडच्या जागेचे वर्णन दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्याजोगे नाही. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा मलाही आनंद झाला. पण तिकीट अर्धे झाले तरी तहान आम्ही पुरीच सोसत होतो.

कोल्हापूर-रत्नागिरी हा माझ्या नित्याचा रस्ता. पन्हाळ्याचा फाटा मागे पडतो, बांबवडे, मलकापूर येते, उसाची शेते सरून झाडी दाट होते, नि आंब्यापासून घाट कोकणात उतरू लागतो. पण खरे सांगायचे तर हा घाट मी कधी नीट पाहिलाच नव्हता. घसा कोरडा, डोके ठणकते, डोळे मिटलेले; साखरपा केव्हा येते एवढाच विचार.

गेल्या एप्रिलात अशीच सकाळपासून कोरडी राहून रत्नागिरीत व्याख्यानाला उभी राहिले. विषय संतकवयित्रींचा. जनाबाईंपर्यंत आले नि समोरची माणसे पाण्यातल्या सावल्यांसारखी हलू लागली. मी मटकन खाली बसले. रात्री हुडहुडी भरून ताप आला. यजमानीणबाईंनी दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी तपासणी करून मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग झाल्याचे सांगितले नि विचारले, "दिवसभरात पाणी किती प्यालात?" मी नापास विद्यार्थिनीसारखी मान खाली घातली.

त्या म्हणाल्या, "पाणी प्यायचं नाही, लघवी तासन्‌तास धरून ठेवायची, म्हणजे जंतू धुऊन निघण्याची वाटच आपण बंद करतो. हेच मूत्रपिंडापर्यंत चढलं, तर दुखणं साधं राहत नाही. औषध देते, पण पुढल्या खेपेला काय करणार? गाडी थांबत नाही म्हणता, तुम्ही कधी थांबवायला सांगितलीत का?"

सांगितली नव्हती. शंभर मुलांच्या वर्गात ज्या बाईचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, तिला कंडक्टरपाशी एवढे शब्द सापडत नव्हते.

दोन दिवसांनी परत निघाले. साखरप्यापर्यंत निम्मी बाटली संपवली होती. घाट चढता चढता उठले नि म्हटले, "दादा, आंब्याला पाच मिनिटं थांबाल का? मला उतरायचंय."

त्याने घड्याळाकडे पाहिले. "थांबू की, ताई. आधी कुणी सांगतच न्हाई."

मी उतरले. माझ्यामागून एक उतरली, मग दुसरी, मग चौघी. शेवटी एक आजी गुडघ्यावर हात ठेवून उतरल्या नि म्हणाल्या, "बरं झालं बाई, बोललीस."

गाडी सुटेपर्यंत मी मागे वळून पाहत होते. खाली कोकण हिरवेगार पसरले होते. इतक्या वर्षांत प्रथमच.

घरी आल्यावर सासूबाईंनी पिशवीतून बाटली काढली, हलवून पाहिली नि काळजीने विचारले, "सांडलं वाटतं गं सगळं?"