बाराबंदी

बाराबंदी आता बहुधा ऐतिहासिक नाटकांत दिसते. एक बंद भलत्या जागी बांधला, की सगळा अंगरखा तिरका! जंतूंनाही हीच पंचाईत पडते, हे मला परवा माझ्या पुतणीने सांगितले. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते, आणि फराळ करता करता शिकवतेही.

प्रथिन म्हणजे लांबलचक साखळी. तिला योग्य घडी पडली, तरच ती कामाची. ती घडी विस्कटू नये म्हणून पुष्कळ प्रथिनांत गंधकाचे दोन अणू एकमेकांना बांधलेले असतात. हेच ते बंद. अमेरिकेत अ‍ॅन्फिन्सेन यांनी एका प्रथिनाचे चारही बंद सोडले आणि ते आपोआप पुन्हा नीट बांधले जातात, हे दाखवले. आठ टोकांच्या जोड्या 105 तऱ्हांनी जुळू शकतात. साखळीने नेमकी एक निवडली! 1972 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण नुसत्या हवेवर सोडले, तर या कामाला तासन्‌तास लागत. जंतूला एवढी सवड कुठली?

आपल्या आतड्यात बिऱ्हाड करून राहणाऱ्या ई. कोलाय जंतूने यावर तोड काढली आहे. त्याच्या माजघरात बंद टिकत नाहीत. म्हणून हे काम पडवीत, म्हणजे दोन पडद्यांमधल्या चिंचोळ्या जागेत चालते. तिथला कारागीर 1991 साली बोस्टनमध्ये बार्डवेल, मॅकगव्हर्न आणि बेकविथ यांनी उजेडात आणला. डीएसबीए असे त्याचे रुक्ष नाव. पण दानत पाहा: हा स्वतःच्याच अंगचा बंद सोडून दुसऱ्याला बांधतो! मग उघड्या अंगाने शेजारच्या डीएसबीबीकडे जातो आणि नवा बंद घेऊन येतो. या उसनवारीतले इलेक्ट्रॉन हातोहात जात शेवटी प्राणवायूच्या पदरात पडतात. गडी मोठा घाईचा. समोर आलेली टोके बांधून मोकळा होतो. चुकलेले बंद सोडवायला डीएसबीसी नावाचा तिसरा लागतोच.

"एकानं बांधायचं, दुसऱ्यानं निस्तरायचं. आपल्या घरासारखंच की!" आमच्या सौ.नी शेरा मारला.

डीएसबीए काढून घेतला, तर जंतू मरत नाही. पण त्याचे पोहणे बंद पडते. त्याच्या शेपटीच्या बुडाशी असलेल्या कड्याच्या प्रथिनालाही बंद हवाच असतो.

मी ऐकत होतो ते वेगळ्याच कारणाने. मधुमेह हा आमच्या घराण्याचा वारसा, आणि इन्सुलिनला तीन बंद असतात. 1978 साली माणसाचे इन्सुलिन ई. कोलायकडून प्रथम करवून घेतले, तेव्हा त्याच्या दोन साखळ्या जंतूंनी वेगवेगळ्या घडवल्या. बंद मात्र माणसांनी काचेच्या भांड्यात जुळवले. 1982 साली अमेरिकेत ते विकायला परवानगी मिळाली.

त्याआधी इन्सुलिन काढीत ते गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतून. माझे वडील माळकरी. डॉक्टरांनी त्यांना हे सांगितले नव्हते. त्यांनी स्वतःच कुठेतरी वाचले. इंजेक्शन त्यांनी सोडले नाही. रोज तुळशीला पाणी घालून येत, गळ्यातली माळ काढून देवापुढे ठेवीत आणि मगच दंड पुढे करीत. 1981 च्या कार्तिकात ते गेले.