सातव्या मजल्यावरचा गोठा

वसईला बहिणीकडे फ्रिजचं दार जपून उघडावं लागतं. जरा आवाज झाला की कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातून एक शिट्टी सुटते, मागोमाग दुसरी, आणि कोथिंबिरीची काडी आत पडेपर्यंत दम नसतो. मूठभर जीव आणि गळा हा एवढा!

भाचीने हट्टाने आणलेले हे गिनीपिग. दुकानदार म्हणाला होता, ‘दोन्ही माद्या आहेत, काही त्रास नाही.’ दोन-सव्वादोन महिन्यांत त्यातली एक मादी बाप झाली. पिल्लं आली तीच केसाळ, डोळे टक्क उघडे. दुसऱ्या दिवशी आईला चिकटून गवत कुरतडतायत. मग नर वेगळे, माद्या वेगळ्या. आणि एकट्याला ठेवायचं नाही, कळपातला जीव झुरतो. स्वित्झर्लंडमध्ये २००८पासून तसा नियमच आहे. मला तो देश आवडायला घड्याळांपेक्षा हे कारण जास्त पटतं.

बहिणीच्या सासूबाई निर्मळच्या. वाडीत म्हशी होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी एकाला उचलून ओठ वर करून दात पाहिले. “अगं, हे गुरूच आहे. दिवसभर चरणार नि दिवसभर लेंड्या टाकणार.” निदान अचूक होतं. यांचे दात जन्मभर वाढतात, ते झिजायला सतत चघळण लागतं. खाणं थांबलं की पोटही थांबतं.

पेरूच्या डोंगरांत हे प्राणी हजारो वर्षं चुलीपाशी मोकळे फिरले, भाज्यांच्या सालींवर वाढले आणि सणावारी ताटात गेले. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाताने अठराव्या शतकात रंगवलेलं येशूचं शेवटचं भोजन आहे. त्यातल्या थाळीत भाजलेला गिनीपिग आहे, असं सांगतात. आपल्या वसईत पापडी-नंदाखालकडे कुणी ते भोजन रंगवताना बोंबील आणि राजेळी केळी मांडली असती तर काय बहार आली असती! भाचीला कुस्कोबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही.

माणसाप्रमाणेच यांनाही क जीवनसत्त्व अंगात तयार करता येत नाही. १९०७मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी यांना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर खलाशांना होणारा स्कर्व्ही यांनाही झाला. म्हणून इथे रोज ढोबळी मिरची. ती वसईत मिळते. थंडी मिळत नाही. मे महिन्यात वीज गेली की टॉवेलात गुंडाळलेली बर्फाची बाटली आधी पिंजऱ्यात जाते, घरच्यांना पंखा म्हणून वर्तमानपत्र.

पण सगळ्यात मोठा प्रश्न गवताचा. यांचं मुख्य खाणं वाळलेलं गवत, आणि दुकानात ते परदेशातून पाकिटात येतं. टिमोथी नाव, आणि किलोचा भाव वाडा कोलम तांदळाच्या कितीतरी वर. सासूबाईंना तो अपमान वाटला. गवताच्या मुलखात पाकीट! पाऊस सरला की वाडा, मनोर, विक्रमगडकडचे माळ पिवळे पडतात. विळे चालतात, भारे वखारीला लागतात, तिथे दाबून गाठी होतात आणि ट्रक भरभरून मुंबईच्या तबेल्यांकडे निघतात. लहानपणी आमची एसटी अशा ट्रकमागे अडकली की मला आनंद व्हायचा. ट्रक दोन्ही बाजूंनी इतका फुगलेला, की पुढचा रस्ता दिसायचाच नाही. काड्या उडून खिडकीतून आत यायच्या, बायकांच्या अंबाड्यांत अडकायच्या, आणि अख्ख्या गाडीला उन्हाचा गोड वास लागायचा. ड्रायव्हर शिव्या घालायचा. मी मनात म्हणायचो, वाट देऊ नकोस.

सासूबाईंचं नाक माझ्याहून तयार. गवत चुरगळायचं, सळसळ ऐकायची, हुंगायचं. काळपट, कुबट असेल तर ते भिजलेलं, त्यात बुरशी. ते कुठल्याच गुराला नको. आणि भाताचा पेंढा तर म्हशींनी खावा, या नाजूक तोंडांनी नाही. एका रविवारी त्यांनी भावोजींना वखारीवर नेलं. वखारवाला म्हणाला, गाठीखाली देत नाही. गाठ रिक्षातून आली. वॉचमनने ती उतरताना पाहिली आणि रिक्षाच्या मागे डोकावून विचारलं, “साहेब, म्हैस मागून येतेय का?”

गाठ लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याखाली आहे. सेक्रेटरींनी ती हलवायला सांगितलं, तेव्हा सासूबाई तिच्यावरच बसून भाजी निवडत होत्या. “हलवू की,” त्या म्हणाल्या, “दिवाळीनंतर नवं गवत येईल, तेव्हा जागा लागेलच.”