जुने दफ्तर

परदेशातील अभ्यास-सहल संपत आली की मनाची मोठी ओढाताण होते. एकीकडे घरची आठवण येत असते आणि दुसरीकडे पाय निघत नाही. त्यात बॅगेच्या वजनाची काळजी वेगळीच!

२०१८ साली आम्ही इतिहासाचे विद्यार्थी दहा दिवसांसाठी उझबेकिस्तानला गेलो होतो. दिल्लीहून ताश्कंदला विमानाने जेमतेम तीन तास लागतात. मुंबईहून नागपूरला रेल्वेने जायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. समरकंदला आम्ही उलुगबेगची वेधशाळा पाहिली. तैमूरचा हा नातू राजा होता, पण त्याचे मन ताऱ्यांत रमत असे. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी, पंधराव्या शतकात, तेथे १०१८ ताऱ्यांची यादी तयार झाली. पुढे ती वेधशाळा मोडली गेली. तिचा जमिनीखालचा भाग १९०८ साली खोदकामात सापडला. या सगळ्याची माहिती तुम्हाला पुस्तकांतही मिळेल. मला सांगायचे आहे ते शेवटच्या रात्रीविषयी.

सहलीचे शेवटचे तीन दिवस आम्ही ताश्कंदमध्ये विद्यार्थ्यांच्या घरी राहिलो. माझा यजमान मित्र हिंदी शिकत होता. त्याला देवनागरी छान वाचता येत होती. त्याची आजी घरातच असे. उझबेक भाषेत आजीला 'बुवी' म्हणतात. मी उर्दू शाळेत शिकलेला, त्यामुळे त्यांचे बोलणे ऐकताना मधूनमधून ओळखीचा शब्द कानी पडे. बाजाराला ते 'बोझोर' म्हणतात, किताबला 'कितोब' आणि पाहुण्याला 'मेहमोन'. काही शब्दांनी मात्र अर्थ बदललेला असतो. तिकडे 'सब्जी' म्हणजे गाजर! आणि 'दफ्तर' म्हणजे वही. उर्दूत दफ्तर म्हणजे कार्यालय आणि मराठीत दप्तर म्हणजे तुम्ही रोज पाठीवर घेता ते. एकच शब्द, पण तीन घरी तीन कामे करतो.

शेवटच्या रात्री जेवण झाल्यावर बुवींनी पेटीतून कापडात गुंडाळलेले असेच एक दफ्तर काढले. ती त्यांच्या वडिलांची वही होती. पाने पिवळी पडली होती. अक्षरे आपल्या उर्दूसारखी, उजवीकडून डावीकडे लिहिलेली होती. घरात ती कोणालाच वाचता येत नव्हती.

असे कसे झाले, असे तुम्ही विचाराल. उझबेक भाषा पूर्वी अरबी लिपीत लिहीत असत. १९२९च्या सुमारास सोव्हिएत सरकारने तेथे रोमन लिपी आणली. १९४० साली ती बदलून रशियन लिपी आली. देश स्वतंत्र झाल्यावर १९९३ साली पुन्हा रोमन लिपीचा कायदा झाला. एका माणसाच्या आयुष्यात इतक्या वेळा अक्षरे बदलली, तर नातवाने आजोबांची वही वाचायची कशी? शिवाय १९३०नंतरच्या काळात जुन्या लिपीतील पुस्तक घरी सापडणे धोक्याचे होते. अनेकांनी अशी पुस्तके भिंतीत किंवा जमिनीत लपवली. बुवींच्या आईने ही वही धान्याच्या कोठीत दडवली होती.

मी वही हातात घेतली. मला उझबेक भाषा येत नव्हती, पण अक्षरे येत होती. घरातील सर्वांना भाषा येत होती, पण अक्षरे येत नव्हती. मी एकेक शब्द उच्चारू लागलो. जेर-जबर नसल्यामुळे अडखळत होतो. मी "नान" वाचले की बुवी म्हणत, "नोन." मी "अनार" वाचले की त्या म्हणत, "अनोर." बहुतेक हिशेबच होते. कोणाला किती पीठ दिले, कोणाकडून किती येणे आहे. सगळे हसत होते, कारण उधारी बुडवणाऱ्यांची नावे गल्लीतल्याच घराण्यांची होती.

मग एका पानावर पाच नावे आली. चौथे नाव वाचताच हसणे थांबले. ते बुवींचे नाव होते. पुढे लिहिले होते, रजब १३५४. बुवींच्या कागदपत्रांत १ जानेवारी ही अंदाजे घातलेली तारीख होती. खरा महिना त्यांना कधीच कळला नव्हता. आमच्या सरांना फोन केला. त्यांनी हिशेब करून सांगितले, १९३५ सालचा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर.

"म्हणजे अनोर पिकतात तेव्हा," बुवी म्हणाल्या. मग त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पाचवे नाव त्यांच्या धाकट्या भावाचे होते. तो लहानपणीच गेला होता, आणि त्याच्या नावाची घरात दुसरी कोणतीही खूण नव्हती.

रात्री दोनपर्यंत मी वाचत होतो. तरी तीस-पस्तीस पाने राहिली आणि पहाटे विमानतळावर जायचे होते. निरोप घेताना उझबेक लोक 'खैर' म्हणतात. आपल्याकडे "आता तुझी खैर नाही" म्हणताना हाच शब्द येतो, याची मला त्या वेळीही गंमत वाटली. बुवींनी मला वाटेसाठी दोन नान बांधून दिले. वहीविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी मित्राने उरलेल्या पानांची छायाचित्रे पाठवली. मी एकेक पान देवनागरीत उतरवून त्याला पाठवू लागलो. ते उझबेक शब्द देवनागरीतून वाचून तो आजीला ऐकवत असे. जेथे मी चुकीचा उच्चार लिहिला असेल, तेथे बुवी त्याला थांबवत आणि दुरुस्ती माझ्याकडे परत येई. अठराव्या पानावर पुन्हा पिठाची उधारी निघाली.