‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

आपल्या वसतिगृहात राहून शिकलेले विद्यार्थी आज कोणकोणत्या क्षेत्रांत पोहोचले आहेत, याची माहिती या स्मरणिकेत अन्यत्र येईलच. मी इतिहासाचा शिक्षक. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याने सांगितलेल्या यंत्राच्या अडचणीवर मी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ती ऐकताना मला अहमदपूरची जुनी दप्तरे आठवली. शिवाय आज शिकत असलेल्या मुलामुलींना तिच्यातून घेण्यासारखे बरेच आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रयोगशाळेतील यंत्रमानव म्हणजे चालता-बोलता पुतळा नव्हे. टेबलावर मावेल एवढी एक पारदर्शक पेटी, तिच्यात मागेपुढे सरकणारा एक हात आणि त्या हाताला द्रव शोषून घेणारी नळी, म्हणजे पिपेट. खाली ८ ओळी आणि १२ स्तंभांची, ९६ लहान खळग्यांची प्लेट असते. प्रत्येक खळग्यात किती मायक्रोलीटर द्रव सोडायचा हे ठरलेले असते. एक मायक्रोलीटर म्हणजे मिलीलीटरचा हजारावा भाग. हेच काम माणसाने दिवसभर केले तर मनगट दुखते आणि नजर चुकते. कोरोनाच्या काळात अशा स्वयंचलित कामाचे मोल सर्वांना कळले. २७ जुलै २०२० रोजी मुंबई, कोलकाता आणि नोएडा येथे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या क्षमतेच्या चाचणी केंद्रांचे उद्घाटन झाले, ते याच गरजेतून.

या हाताला काम सांगावे लागते, ते पायथन या संगणकीय भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीतून. मात्र कोणत्या खळग्यात कोणता नमुना आणि किती द्रव, हे रोज बदलते. म्हणून ते वेगळ्या तक्त्यात, स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या सीएसव्ही फाइलमध्ये लिहून ठेवतात. आज्ञावली ही वाढप्याला सांगितलेली रीत, तर तक्ता ही पंगतीची यादी, असे समजावे.

आमच्या विद्यार्थ्याने आज्ञावली आपल्या लॅपटॉपवर तपासली, तेव्हा सर्व सुरळीत होते. रक्ताचे नमुने शीतपेटीतून बाहेर काढून झाले होते. मग तीच आज्ञावली त्याने यंत्रावर चालवली आणि पडद्यावर संदेश आला : फाइल सापडत नाही. रात्री फोनवर तो मला म्हणाला, “सर, फाइल माझ्या डोळ्यासमोर होती, अन् मशीन म्हणतंय सापडत नाही!” वरिष्ठ बाजूलाच उभे होते. घरातून प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलेला हा पहिलाच मुलगा. अशा वेळी ‘आपल्याला जमणार नाही’ हा विचार मनात किती चटकन शिरतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

तो घाबरला, पण थांबला नाही. आज्ञावलीच्या आरंभी त्याने दोन ओळी वाढवल्या आणि तिलाच दोन प्रश्न विचारले : तू आता कोणत्या फोल्डरमध्ये उभी आहेस? तेथे तुला कोणकोणत्या फाइली दिसतात? उत्तर आले, तेव्हा उलगडा झाला. अशा यंत्रांच्या पोटात त्यांचा स्वतःचा संगणक असतो. ओपनट्रॉन्स कंपनीच्या ओटी-२ या यंत्रात, उदाहरणार्थ, रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक असून तो लिनक्सवर चालतो. लॅपटॉपवरून आज्ञावली यंत्रात जाते आणि तेथे चालते. तक्ता मात्र मागे लॅपटॉपमध्येच राहतो. आज्ञावलीत लिहिलेला लॅपटॉपचा पत्ता यंत्राच्या गावी अस्तित्वातच नसतो.

यावर उपाय तीन. फाइल यंत्राच्या साठवणीत नेऊन ठेवावी आणि तेथील पूर्ण पत्ता द्यावा. तक्ता लहान असेल तर आज्ञावलीच्याच मजकुरात लिहावा. किंवा, ओटी-२ च्या नव्या प्रणालीत आहे तशी सोय असेल तर, काम सुरू करताना फाइल यंत्राच्या हाती द्यावी. याशिवाय लहानसहान खाचखळगे आहेतच. लिनक्सला इंग्रजी नावातले मोठे आणि छोटे अक्षर वेगळे वाटते. विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट लपवते, त्यामुळे सीएसव्ही समजून ठेवलेली फाइल प्रत्यक्षात भलत्याच नावाची निघते. कधी एक्सेल फाइलच्या आरंभी एक अदृश्य खूण ठेवते, आणि मग फाइल सापडूनही पहिल्या स्तंभाचे नाव जुळत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते त्याने शेवटी सांगितलेले. “सर, सापडली नाही ते बरं झालं. त्याच नावाची मागच्या आठवड्याची फाइल मशीनमध्ये राहिली असती, तर मशीन गुपचूप चाललं असतं.” तसे झाले असते तर एकाच्या रक्ताचा निष्कर्ष दुसऱ्याच्या नावावर गेला असता आणि कोणाला कळलेही नसते. आता त्याची आज्ञावली हात हलवण्याआधी तक्त्याची तारीख, ओळींची संख्या, पहिली ओळ आणि शेवटची ओळ पडद्यावर दाखवते. तो ती वहीशी ताडून पाहतो आणि मगच पुढे जातो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे परके नाही. निजामी राजवटीत आपले अहमदपूर बिदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि बिदर म्हैसूर राज्यात गेले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला आणि अहमदपूर त्यात आले. उस्मानाबादचे नावही आता धाराशिव आहे. गाव तिळभर हलले नाही, त्याचा सरकारी पत्ता मात्र बदलत राहिला. वडिलांच्या शाळेतील नावाचा उतारा शोधणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना एका कार्यालयात ‘नोंद नाही’ असे सांगून परत पाठवले होते. ते माझ्याकडे आले, तेव्हा आम्ही आधी वर्ष विचारले, मग त्या वर्षीचा जिल्हा, आणि त्यानंतर दप्तर. नोंद निघाली. ती उर्दूत होती आणि सन होता फसली १३५७, म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. दप्तर सापडले तरी ते वाचता यावे लागते, हेही त्या दिवशी पुन्हा पटले.

यंत्राचा संदेश खोटा नव्हता. त्याने जेथे पाहिले तेथे फाइल खरोखरच नव्हती. ‘येथे सापडत नाही’ याचा अर्थ ‘कोठेच नाही’ असा आपण करतो, तेथे चूक होते. आणि ज्यांच्या घरात कागद सांभाळण्याची सोय पिढ्यान्‌पिढ्या नव्हती, त्यांना ही चूक फार महाग पडते.

वसतिगृहातील माझ्या मुलामुलींनो, तुमच्यापैकी कोणी प्रयोगशाळेत जाईल, कोणी कचेरीत, कोणी न्यायालयात. समोरून ‘नाही’ असे उत्तर आले की खाली मान घालून परतू नका. शांतपणे विचारा : कोठे पाहिले? कोणत्या नावाने पाहिले? आणि सापडले, तर हेच ते आहे ना, याची खात्री केल्याशिवाय पुढे जाऊ नका.