उंच भांड्याची बाजू

भांड्यांच्या दुकानात मोठं पातेलं मागितलं की बोलणं लगेच धातूवर येतं. स्टीलचं घ्यावं की हिंडालियमचं, पितळेचं घेतलं तर कल्हई कुठे करून मिळेल, वजन किती भरतं. हे प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची पाळी दुसरी. ज्या भांड्यात हाडांचं, भाज्यांचं किंवा डाळीचं पाणी तासन्‌तास बारीक आंचेवर ठेवायचं, त्याचा आकार आधी पाहायला हवा. ते उंच असावं, तोंडाला आटोपशीर असावं. उंची निदान रुंदीइतकी तरी असावी. आपल्या घरांत मोठं भांडं म्हणजे पसरट भांडं, असा समज पक्का बसला आहे. परातीपासून कढईपर्यंत सगळी मोठी भांडी आडवी वाढत जातात. स्वयंपाकघरात एक तरी मोठं भांडं उभं वाढलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की असं पाणी उकळून काढणं ही हॉटेलांची आणि परदेशी स्वयंपाकाची गरज. आपल्या घरात त्याचं काय काम? पण कोल्हापूरचा तांबडा आणि पांढरा हे दोन्ही रस्से मुळात एकाच पाण्यावर उभे असतात. मटण हळद-मीठ, आलं-लसूण लावून शिजवल्यावर जे अळणी पाणी उरतं, त्याच्या एका वाट्यात चटणी-मसाला पडतो, दुसऱ्यात नारळाचं दूध. घरातल्या लहान मुलांना आणि आजारातून उठलेल्या माणसाला तिखट पडण्याआधीची हीच वाटी दिली जाते. होळीला पुरणाची डाळ निथळून घेतली की खाली येणारा कट, कुणी त्याला येळवणी म्हणतात, तोही याच जातीचा. कटाच्या आमटीची सारी खोली त्या पाण्यात असते. गोडा मसाला, चिंच-गूळ आणि फोडणी नंतर येतात. चव आधी पाण्यात उतरवायची आणि मग त्या पाण्याचा पदार्थ करायचा, ही रीत आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. तिला साजेसं भांडं तेवढं आपण मुद्दाम निवडत नाही.

आता आकाराचा हिशेब मांडू. सहा लिटर पाणी वीस सेंटिमीटर रुंदीच्या भांड्यात सुमारे एकोणीस सेंटिमीटर उंच उभं राहतं. तीस सेंटिमीटर रुंदीच्या पातेल्यात जेमतेम साडेआठ. वाफ निघते ती पाण्याच्या उघड्या पृष्ठभागावरून, आणि तो दुसऱ्या भांड्यात सव्वादोन पट असतो. म्हणजे पसरट भांड्यात पाणी भराभर आटतं, हाडं उघडी पडतात, पुन्हा पाणी ओतावं लागतं आणि दर वेळी उकळी मोडते. शिवाय वाफ फुकटात निघत नाही. साधं एक लिटर पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट उष्णता तेच पाणी वाफ करून उडवायला लागते. कुणी म्हणेल, आटलं तर बिघडलं कुठे, चव दाटच होईल. खरं आहे, पण आटवण्याची वेळ गाळून घेतल्यानंतरची. आधी सगळा अर्क पाण्यात उतरू द्यावा, मग हवं तर ते पाणी रुंद भांड्यात घालून आटवावं. बासुंदीसाठी पसरट कढई घेणाऱ्या हातांना हे ज्ञान आहेच. तिथे पाणी घालवायचं असतं म्हणून रुंद तोंड. इथे राखायचं आहे म्हणून अरुंद. हरभऱ्याची डाळ शिजताना फेस कसा फुगून वर येतो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला वरच्या मोकळ्या चार बोटांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आकार ठरला की धातूचा प्रश्न बराच सोपा होतो. तांबं स्टेनलेस स्टीलपेक्षा वीस-पंचवीस पटींनी, तर ॲल्युमिनियम साधारण पंधरा पटींनी अधिक उष्णता वाहून नेतं. म्हणून स्टील हलक्या प्रतीचं, असा निष्कर्ष काढणं मात्र घाईचं आहे. पातळ पाण्यात उष्णता पसरवण्याचं काम पाणीच करतं: तापलेलं वर जातं, गार झालेलं खाली येतं. कसोटी लागते ती फक्त बुडाशी, जिथे डाळीचा गाळ किंवा मसाला बसतो आणि करपतो. बुडात ॲल्युमिनियमचा जाड थर दाबून बसवलेलं स्टीलचं भांडं एवढ्यासाठी पुरेसं आहे. नुसतं ॲल्युमिनियम हलकं आणि स्वस्त पडतं, पण चिंच, कोकम, टोमॅटो त्यात फार वेळ शिजवू नयेत. कल्हईच्या भांड्याची माया मला समजते. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं, पाणी शंभराच्या वर जात नाही, त्यामुळे ओल्या कामाला ते भांडं निर्धास्त. कोरडं तापलं तर मात्र कल्हई गेलीच.

सगळ्यात वजनदार आक्षेप कुकरचा. कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत चढतं आणि जे काम तीन तासांचं ते पाऊण तासात उरकतं. रोजच्या धबडग्यात कुकरच खरा, यात वाद नाही. पण कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरता येत नाही, आणि झाकण लागल्यावर आत काय चाललंय ते कळत नाही. उघड्या भांड्यात गार पाण्यात हाडं टाकून हळूहळू तापवली, की आधी करडा फेस वर येतो. तो झाऱ्याने काढून टाकता येतो. मग आंच इतकी बारीक करायची, की एखाददुसरा बुडबुडा कडेला येऊन फुटावा. रटरटून उकळलं तर चरबी पाण्यात घुसळली जाते आणि पाणी गढूळ होतं. भाज्या शेवटच्या पाऊण तासात टाकता येतात, चमच्याने चव पाहता येते, जरूर वाटलं तर मीठ सर्वांत शेवटी घालता येतं. पाण्याला चव येताना तिच्यासोबत राहता येणं, हे या भांड्याचं देणं आहे.

जागेची अडचण खरी, म्हणून माप बेताचं असावं. चौघांच्या घराला सहा ते आठ लिटर पुरे. उंच भांडं ओट्यावर कमी जागा अडवतं आणि घरगुती शेगडीच्या आंचेवर पूर्ण बसतं. रुंद पातेल्याच्या कडा गारच राहतात. कान मात्र रिव्हेट मारलेले, दोन्ही हातांना पुरणारे हवेत. बिनकानाचं, दहा किलोचं उकळतं पातेलं सांडशीने उचलणं म्हणजे अपघाताला बोलावणं. तरीही पाणी ओगराळ्यानेच काढावं.

उंच आकाराला एक दोष आहे, आणि तो लपवू नये. जे भांडं ऊब राखतं ते गार व्हायलाही वेळ लावतं. उकळीतही तगून राहणारे काही जिवाणूंचे बीजाणू कोमट पाण्यात झपाट्याने वाढतात, म्हणून रात्रभर ते तसंच ओट्यावर ठेवणं धोक्याचं. गाळून पसरट भांड्यांत वाटून घ्यावं, ती गार पाण्याच्या परातीत ठेवावीत आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावीत. म्हणजे विस्तवावर उंच, उतरल्यावर रुंद. काम बदललं की आकार बदलतो, हेच तर इथे म्हणायचं आहे. तेव्हा दुकानात भांडं उलटं करून बूड वाजवण्याआधी ते सरळ उभं करून पाहावं आणि विचारावं, यात पाणी टिकेल का. उत्तर होकारार्थी असेल, तर पुढचा सगळा भाव धातूचा आणि खिशाचा. तो खुशाल करावा.