बिबची मागची बाजू

मिरज, रविवार रात्र

चि. मुक्तास,


सेन्सरचा आलेख पाहिला. यवतेश्वरचा घाट चढलीस, उतरलीस, २१ किलोमीटर धावलीस आणि साखर सगळा वेळ ११० ते १५० च्या मधे! मी लगेच तुझ्या आईला फोन लावला. ती काही बोललीच नाही, नुसती रडली. त्या दिवाळीत आयसीयूबाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो, ते तुला आठवायचं कारण नाही. आम्हाला आठवतं.

पण आलेखाखाली तू विचारलंस, जानेवारीत मुंबईला पूर्ण मॅरेथॉन करायची आहे, तर दिवसाचे कार्ब्स ८० ग्रॅमवरून ३० वर आणू का? तेव्हापासून माझा डोळा लागलेला नाही.

कमी कार्ब्सला माझा विरोध नाही, हे तुला ठाऊक आहे. पोळीचा ढीग आणि इन्सुलिनचा ढीग, यात साखर कशी उसळते आणि आदळते ते मी काचेची सिरिंज उकळायच्या काळापासून भोगलंय. डॉ. बर्नस्टीनना बाराव्या वर्षी टाइप १ झाला, मूळचे इंजिनिअर, असंच खाऊन नव्वदीपर्यंत जगले. त्यांचं पुस्तक तुला मीच दिलं. पण तुझ्या ऑफिसातल्या त्या सरांचा दाखला मला देऊ नकोस. भात सोडून त्यांच्या गोळ्या सुटल्या, चांगलंच झालं. त्यांचं स्वादुपिंड अजून इन्सुलिन तयार करतं. तुझं-माझं करत नाही, एवढा साधा फरक लोक विसरतात आणि मग पोरींना सल्ले देतात.

आता नीट ऐक. धावताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. ती भरून काढतं यकृत, आणि त्याची शिल्लक भरल्या पोटीही जेमतेम १०० ग्रॅमच्या आसपास. ३० ग्रॅमवर राहिलीस तर ती शिल्लक आधीच आटलेली असणार. पेडर रोडचा चढ शेवटच्या टप्प्यात येतो, लक्षात आहे ना? आणि बेशुद्ध पडलीस तर जे ग्लुकागॉन टोचतात, ते स्वतः साखर देत नाही, यकृतातली बाहेर काढतं. तिथेच खडखडाट असेल तर ते तरी काय काढणार? सेन्सरवरही इतका जीव टाकू नकोस. तो रक्त मोजत नाही, पेशींभोवतीचं पाणी मोजतो, आणि जोरात धावताना मागे पडतो. शंका आली की बोट टोचायचं.

दुसरी भीती उलटी. खाणं कमी म्हणून इन्सुलिनही कमी कमी करत जायचं, हा मोह मोठा असतो. पायाभूत इन्सुलिन अति कमी झालं की कीटोन्स चढतात, आणि साखर फार वाढलेली नसतानाही माणूस अॅसिडोसिसमध्ये जातो. उलटी झाली, पोटात दुखलं, तर ‘धावून दमले असेन’ असं म्हणायचं नाही. कीटोन्स तपासायचे. १.५ च्या वर असतील तर बूट घालायचेच नाहीत.

हे सगळं तुला थोडंफार माहीत आहे. माझा जीव अडकलाय तो तुझ्या दुसऱ्या फोटोत. बिब उलटं धरलंयस त्यात. मागे रक्तगट आहे, आईचा नंबर आहे आणि आजारासमोरची ओळ कोरी! का गं? धावण्याच्या ग्रुपमधल्या कुणालाच माहीत नाही ना अजून? स्थळं बघायला लागल्यापासून हे लपवणं सुरू झालंय, मला कळतं. तुझ्या आईलाही मी बोलले आहे.

एलिझाबेथ ह्यूजची गोष्ट तुला सांगितली होती, पण अर्धीच. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी. १९१९ मध्ये मधुमेह निघाला, अकराव्या वर्षी. इन्सुलिन नव्हतंच, म्हणून डॉ. अॅलन यांनी उपासमारीच्या आहारावर तिला जगवलं. १९२२ च्या ऑगस्टमध्ये टोरंटोला, इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंगकडे आणली तेव्हा पंधरा वर्षांची होत आलेली ती पोर जेमतेम २० किलोची होती. कार्ब्स तोडून मुलं काही काळ जगत, एवढंच. जगवलं तिला इन्सुलिनने, थेट १९८१ पर्यंत. उरलेली अर्धी गोष्ट ही, की तिने जन्मभर आजार लपवला. वडिलांच्या कागदपत्रांमधले त्याचे उल्लेखसुद्धा काढून टाकले. मला तिचा राग येत नाही, पोटात तुटतं. एवढी शूर बाई, आणि हे ओझं एकटीने वाहायचं!

तू तर राहतेसही एकटी, पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, आतून कडी लावून. लांब धावल्यावर स्नायू रात्रभर रक्तातली साखर ओढून आपला साठा भरत असतात; चोवीस तासांपर्यंत साखर कधीही खाली जाऊ शकते. रस्त्यावर पडलीस तर कुणी उचलेल. पहाटे तीनला कोण?

म्हणून सांगते. ३० ग्रॅमचा विचार सोड. डोस आणि खाणं दोन्ही तुझ्या डॉक्टरांसमोर बसून ठरव, माझ्यासमोर नव्हे. लांब धावायच्या आदल्या रात्री भाकरी खा, आल्यावरही खा. खिशात ग्लुकॉन-डी असू दे. ७० च्या खाली गेलं की तीन चमचे पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपास, मग पुढे. ग्रुपमधल्या निदान दोघींना सगळं सांग आणि तुझी पुडी कुठे असते ते दाखव. जे स्थळ हे ऐकून मागे फिरेल, त्याला मी पोह्यांनाही थांबवणार नाही.

येत्या शनिवारी तू ३० किलोमीटर धावणार आहेस म्हणे. त्या रात्री खोलीवर सोबत कोण आहे ते गुरुवारपर्यंत कळव. कुणी नसेल तर मी दुपारच्या गाडीने येते.

तुझी,
मावशी